अकरा-चाळीस

तिने फ्रिजचं बटण बंद केलं आणि दार नीट लागलंय ना ते हाताने दाबून पाहिलं. आतलं दूध नासलं तर नासो. बाहेरच्या खोलीत इतिहास घडत होता आणि इतिहासाला फ्रिजची घरघर चालत नव्हती. पंखा आधीच बंद झाला होता, खिडक्या लावून घेतल्या होत्या. एवढं सगळं बंद केल्यावर घरात एकच यंत्र चालू राहिलं, ते म्हणजे तिचा नवरा.

"झालं का गं?" बाहेरून आवाज आला.

"झालं."

"मग आता भांडी वाजवू नकोस."

तिने ओट्यावरचा कप उचलून बशीत ठेवला, चांगला वाजेल असा, आणि बाहेर येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

सोफ्यावर इस्त्रीचा सदरा घालून भावसाहेब बसले होते. हे काही त्यांचं नाव नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. पुढे विनिमय विभागात त्यांना सगळे भाव तोंडपाठ झाले तेव्हा कुणा टवाळाने एक अक्षर बदललं. टवाळी आहे हे सगळ्या ऑफिसला कळत होतं. भावसाहेबांनी ती पदवी म्हणून घेतली आणि निवृत्तीनंतर दारावरच्या पाटीवरही घातली. पाटी पुसायचं काम अर्थात तिच्याकडे होतं.

समोर बँकेच्या इतिहास विभागातून आलेली मुलगी बसली होती. सरकारी बँकेला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त एक जाडजूड पुस्तक निघणार होतं: आपलं चलन आणि बाहेरचं चलन, या दोघांतल्या भावाचा शंभर वर्षांचा इतिहास. ते कुणी वाचणार नव्हतं. पण झाडून सगळ्या माजी अधिकाऱ्यांना त्यात आपलं नाव हवं होतं, आणि त्यासाठी ते या पोरीला फळांचा रस पाजत होते, जुने फोटो दाखवत होते आणि एकमेकांविषयी वाईट बोलत होते.

"आम्ही बाहेरच्या चलनाला थोरलं म्हणायचो आणि आपल्याला धाकटं," भावसाहेब सांगत होते. "आज थोरलं कितीला? एवढाच प्रश्न. राजे गेले, सरकारं आली, लढाया झाल्या. मला विचाराल तर हे सगळं किरकोळ. देशाची लायकी काय, ते एका आकड्यात कळतं."

"वा," मुलगी म्हणाली.

"तुमची जन्मतारीख सांगा."

झालं, दाराजवळच्या खुर्चीवर ती मनात म्हणाली. माकड झाडावर चढलं.

मुलीने तारीख सांगितली. भावसाहेबांनी डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली. बोटांची काही गरज नव्हती. भाव त्यांना डोळे उघडे ठेवूनही आठवत असे. पण बोटांशिवाय लोक तोंडाचा आ करत नाहीत हे त्यांना अनुभवाने माहीत झालं होतं.

"उघडताना एकतीस-दहा. बंद होताना एकतीस-पंचवीस. दुपारी थोडी घसरण."

"बाप रे! सर, कमाल आहे!"

हा खेळ तिने किती वेळा पाहिला असेल याला हिशेब नव्हता. लग्नसमारंभात नवरीमुलीला तिच्या साखरपुड्याचा भाव, बारशाला बाळाचा भाव. एकदा तर शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा भावसाहेबांनी रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या बापाच्या जन्मदिवसाचा भाव सांगितला होता, आणि वर, "तेव्हा दिवस चांगले होते," असंही म्हणाले होते. याच माणसाला तिच्या गुडघ्याचा डॉक्टर कोण ते आठवत नसे. मीठ कुठल्या डब्यात असतं तेही.

भावसाहेबांच्या लेखी मंत्री गाढव होते, व्यापारी चोर होते, जनता मेंढरं होती आणि त्यांच्यानंतर विभागात आलेले सगळे नाकाने कांदे सोलणारे होते. जगात शहाणे दोनच. त्यातला दुसरा कोण हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. ते ऐकत ऐकत ती म्हातारी झाली होती. हळूहळू तिलाही माणसांकडे बघताना आधी त्यांचं काय कमी आहे ते दिसायला लागलं होतं. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात, तसा तो लागला होता. फरक एवढाच, की त्यांचा तिरस्कार चार लोकांत उधळलेला असे आणि तिचा सगळा एकाच माणसावर खर्च होई.

गुरुवारी ती जाणार होती. दुसऱ्या गावी तिची थोरली बहीण एकटी राहत होती. तळमजल्यावरची एक खोली तिने रंगवून ठेवली होती. "कायमची येतेस ना? की आपली चार दिवस रागावून?" ताईने फोनवर विचारलं होतं. "कायमची," ती म्हणाली होती. तिकीट काढलं होतं. भावसाहेबांना अजून सांगितलं नव्हतं, कारण ही मुलाखत व्हायची होती. त्यांच्या कीर्तीत विघ्न नको असं काही तिला वाटत नव्हतं. उलट ते चांगले उंच चढून बसले की मगच खालून शिडी काढायची, असा तिचा साधा बेत होता.

"सर, मुख्य विषयाकडे येऊ या?" मुलीने टेबलावरचं ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र थोडं पुढे सरकवलं. "अकरा-चाळीसचा दिवस. पण त्यासाठी मी आणखी एका सरांना बोलावलंय. दोघं एकत्र बोलले की जास्त आठवतं. येतीलच इतक्यात."

"कोण?"

मुलीने सांगितलं. भावसाहेबांचं तोंड कडू झालं.

"तो पोरगा?"

पोरगा सत्तरीला आलेला होता. त्या काळी तो भावसाहेबांच्या हाताखाली होता. पुढे त्यांच्या डोक्यावरून उडी मारून विभागाचा प्रमुख झाला. भावसाहेब उपप्रमुख म्हणूनच निवृत्त झाले. "त्याला बेरीज मी शिकवली," हे वाक्य या घरात मिठासारखं रोज लागत असे. पोरगा आला तो केसांना कुळकुळीत काळा कलप लावून, हातात बिस्किटांचा महागडा डबा घेऊन. बसताना गुडघे धरून "साहेब, कसे आहात?" म्हणाला. इतकं वर जाऊनही तो त्यांना साहेब म्हणत असे. हा त्याचा मोठेपणा असेल किंवा टोमणा असेल. तिला दोन्ही चालत होतं.

"तर त्या सकाळपासून सांगा, सर," मुलगी म्हणाली.

भावसाहेबांनी घसा साफ केला. तिने खिडकीकडे पाहिलं. ही गोष्ट तिला श्वासासकट पाठ होती. गोष्टीत पहाटे घरी फोन यायचा, भावसाहेब अर्धी दाढी तशीच ठेवून निघायचे. गोष्टीत बायको नव्हती.

खरं म्हणजे त्या पहाटे ते घरी नव्हतेच. रात्रभर हॉस्पिटलात होते, कारण ती तिथे होती. पहिलं बाळंतपण, मूल आडवं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की काहीही होऊ शकतं, घरच्यांनी जवळ थांबावं. भावसाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे होते. फाटकाजवळच्या चहावाल्याकडे रेडिओवर त्यांनी बातमी ऐकली होती. "भाव फुटलाय. जावं लागेल. येतो," एवढं म्हणाले आणि गेले. ऑपरेशनच्या कागदावर सही तिच्या सासूने केली. मुलगी झाली, थोडा वेळ जगली आणि गेली. दिवे लागले तेव्हा भावसाहेब आले. "कुठे होतात?" तिने विचारलं. "ऑफिसात," ते म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड केलं. नंतर घरी आली, स्वयंपाक करू लागली, चारचौघांत हसूही लागली, पण खरं सांगायचं तर ते तोंड तिने पुन्हा या बाजूला वळवलंच नाही. दुसरं मूल झालं नाही. नोकरी नव्हती, आईवडील उरले नव्हते, मग राहायची सवय झाली.

"साडेनऊला मी हॉलमध्ये शिरलो," भावसाहेब सांगत होते. "बाहेर काउंटरपुढे ही गर्दी. मेंढरं! आत सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. नऊ वर्षं भाव साडेसातला खिळलेला. सरकारने शपथा घेतल्या होत्या की हलणार नाही. आणि आज एका रात्रीत अकरा-चाळीस! कुणाचा हात फळ्याकडे जाईना. हा पोरगा तर कोपऱ्यात थरथरत होता. काय रे?"

"होतो खरा," पोरगा हसून म्हणाला.

"मी म्हटलं, बाजूला व्हा. लाकडी फळा होता आमचा. खुंट्यांवर पत्र्याचे आकडे लटकवायचे. मी माझ्या हाताने साडेसात उतरवले. आणि याच हाताने अकरा-चाळीस लावले. एक, एक, चार, शून्य." भावसाहेबांनी हवेत चार आकडे लटकवले. "सगळा हॉल गप्प."

खोलीही गप्प झाली. आणि त्या गप्पपणात पोरगा खुदकन हसला. हसू त्याला आवरेना. काळ्या केसांखाली त्याचं सुरकुतलेलं तोंड शाळेतल्या मुलासारखं झालं.

"साहेब, लावलेत कुठे पण?"

"म्हणजे?"

"अहो, फळ्याला टिंबाच्या अलीकडे एकच खुंटी होती! भाव कधी दोन आकडी होईल असं कुणाच्या स्वप्नात होतं? एक खुंटी, टिंब, मग दोन खुंट्या. अकरा लावायला जागाच नाही!" तो मुलीकडे वळला. "आम्ही काय केलं माहितीये? गडबडीत एक-चाळीस लावून मोकळे झालो! साडेसातचं थोरलं एक-चाळीसला! बाहेर एकच दंगा. एकजण तर काउंटरवर मूठ आपटून भांडायला लागला, की फळ्यावर लिहिलंय त्या भावाने द्या. शेवटी शिपायाने फळ्याच्या बाहेर भिंतीतच खिळा ठोकला आणि दुसरा एक त्यावर लटकवला. पार तिरका! दिवसभर आमच्या अकराचा एक पाय भिंतीवर होता. संध्याकाळी सुतार आला तेव्हा कुठे नवी खुंटी बसली."

"हे कुठल्याच कागदात नाही!" मुलगी जवळजवळ उठलीच. "केवढं छान आहे हे! सर, तुम्हाला आठवतोय ना तो खिळा?"

भावसाहेबांचा हात अजून हवेत होता. तो त्यांनी खाली घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

"खिळा," ते म्हणाले. "हो. होता ना खिळा. मीच ठोकायला सांगितला."

पोरग्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे गेली. ती तिथे आहे हे तो विसरला होता. त्याचं हसू एकदम मावळलं.

"हो, हो," तो घाईने म्हणाला. "साहेबांनीच सांगितला असेल. माझंच वय झालं."

त्याचं हे खोटं इतकं सभ्य होतं की तिला ते ताबडतोब कळलं. एवढी वर्षं एकच लबाडी ऐकल्यावर दुसरी, वेगळ्या आवाजातलीही, ओळखू येते. ती उठली.

"चहा टाकते. भाऊजी, जरा आत येता? वरचा डबा काढून द्यायचाय."

वर कुठलाही डबा नव्हता. पोरगा आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. तिने गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ओतलं.

"त्या दिवशी हे आले नव्हते," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"वहिनी, जाऊ द्या ना आता."

"आले होते की नाही?"

पोरग्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. काच स्वच्छच होती.

"आम्हाला वाटलं, तुमच्याजवळ असतील. असायलाच हवं होतं ना. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा बाळाचं आम्हाला कळलं होतं. कोण विचारणार? नवी खुंटी बसलीच होती, त्यांना काही वेगळं दिसलं नाही. पुढे ते सांगायला लागले, की मी होतो, मी लावलं. आम्ही सगळे गप्प. त्यांचं मूल गेलंय, एक दिवस उसना घेतायत, घेऊ दे, असं म्हणायचो." त्याने चष्मा घातला. "आज चुकून हसलो बघा."

"बरं केलंत."

"साहेब वाईट नाहीत हो."

"ते मला कशाला सांगता?" ती म्हणाली.

चहा न घेताच तो गेला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय असं बाहेर मुलीला सांगितलं आणि बिस्किटांचा डबा टेबलावर तसाच राहिला. भावसाहेब सोफ्यावर नव्हते. विभागाचा एक जुना फोटो आहे, तो शोधून आणतो, असं सांगून ते आतल्या खोलीत गेले होते. तिने गॅस बंद केला आणि मागोमाग गेली.

ते कपाटासमोर उभे होते. उघडं कपाट तिच्या साड्यांचं होतं.

"कुठे होतात?"

"अगं, तो फोटो, ज्यात सगळे पायऱ्यांवर..."

"त्या दिवशी कुठे होतात?"

त्यांनी कपाटाचं दार लोटलं. ते पूर्ण लागलं नाही, पुन्हा थोडं उघडलं.

"बसमध्ये," ते म्हणाले.

तिला वाटलं, पुढे काहीतरी असेल. दुसरी बाई असती तरी चाललं असतं. निदान माणूस कुठेतरी गेला होता असं तरी झालं असतं.

"ऑफिसला जायलाच निघालो होतो, शपथ. स्टॉप आला आणि उतरलो नाही. शेवटपर्यंत गेलो. मग त्याच बसने परत. ती हॉस्पिटलवरून जायची. थांबायची पण."

"मग?"

"उतरलो नाही."

"दिवसभर?"

"मध्ये कंडक्टर बदलला," ते म्हणाले, जणू यात काही बाजू मांडण्यासारखं होतं. "त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, काहीही होऊ शकतं. मला ते बघायचं नव्हतं."

ती पलंगाच्या कडेवर बसली. गुडघा दुखत होता. इतकी वर्षं तिने अशा एका माणसाचा तिरस्कार केला होता ज्याने तराजूच्या एका पारड्यात बायको-मूल ठेवलं, दुसऱ्यात देशाचं चलन ठेवलं आणि चलन उचललं. तो माणूस राक्षस होता, पण त्याचा तिरस्कार करायला काही उंची लागत होती. आणि आता कळत होतं की तसा माणूस कधी नव्हताच. खिडकीजवळची जागा धरून बसलेलं, तिकिटामागून तिकीट काढणारं एक भित्रं ध्यान होतं, आणि त्याच्यापायी तिने आपलं आयुष्य दातओठ खाण्यात घालवलं होतं. तिला त्याची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली.

"मग ऑफिसात होतो असं का म्हणालात?"

"तू विचारलंस," नवरा म्हणाला. "तोंडातून तेच आलं. मग दुसऱ्यांनाही तेच सांगावं लागलं. त्या दिवसाबद्दल कुणी काही विचारलं तर अडू नये म्हणून सगळे भाव वाचून काढले. आधी त्या महिन्याचे, मग त्या वर्षाचे. मग थांबता येईना."

म्हणजे हे असं होतं. शंभर वर्षांचा इतिहास, ती कपाळावरची दोन बोटं, लग्नात आणि मयतात मिरवलेली सगळी विद्या, एका दिवसावर झाकण घालायला जमवलेली.

"मी गुरुवारी ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "परत येणार नाही."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही, डोळे मोठे केले नाहीत. बहुतेक त्याला हे फार वर्षांपूर्वी अपेक्षित होतं.

"बरं," तो म्हणाला.

"चला बाहेर. ती पोरगी थांबलीय."

बाहेर मुलगी वही उघडून बसली होती. चेहऱ्यावर अपराधी हसू होतं.

"सर, सॉरी हं, एकच छोटा प्रश्न. तुमच्या आणि त्या सरांच्या आठवणीत थोडा फरक पडतोय. म्हणजे फळा तुम्ही लावलात, की एक-चाळीस लागलं आणि मग तुम्ही आलात? पुस्तकात एकच देता येईल."

तो सोफ्यावर बसला. सदऱ्याची इस्त्री अजून तशीच होती, आतला माणूस मात्र दोन मापं लहान झाला होता. त्याने ओठ ओले केले. आता तो पुन्हा खोटं बोलेल, नाहीतर या परक्या पोरीसमोर रडेल, हे तिला दिसत होतं. दोन्हीपैकी काहीही बघायची तिची तयारी नव्हती. तिने दाराजवळची खुर्ची उचलली, टेबलापाशी आणून ठेवली आणि बसली.

"हे चालू आहे?"

"हो, काकू."

"मग ऐका. त्या दिवशी हे ऑफिसात नव्हते."

त्याने डोळे मिटले.

"हॉस्पिटलात होते. माझ्याजवळ. मुलगी झाली होती आम्हाला."

मुलीची लेखणी थांबली. त्याने डोळे उघडले. पुस्तकातला त्याचा एकुलता एक दिवस तिने काढून घेतला होता, आणि त्याच्या जागी काय ठेवलं जातंय ते त्याला अजून समजलं नव्हतं.

"लोकांना असलं सांगायला यांना जड जातं, म्हणून फळ्याचं सांगतात," ती म्हणाली. "पण सकाळपासून हे हललेसुद्धा नाहीत. लोखंडी खुर्ची होती एक, तिच्यावर बसून होते. कागदावर सही यांनीच केली. हो ना हो?"

तो तिच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला.

"दुपारी झाली. नर्सने पिवळ्या कापडात गुंडाळून आणली. माझे हात थरथरत होते, म्हणून म्हणाली, आधी बापाकडे. यांनी घेतली. डोक्यावर इतके केस होते, काळेभोर, पार कपाळावर आलेले. सगळे म्हणाले, कुणावर गेलीय ही? हो ना?"

"हो."

"उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली. ती यांनी बोटाने सरळ केली, तर पुन्हा दुमडली. पुन्हा केली, पुन्हा दुमडली."

त्याने मान हलवली. त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता.

"आणि पकड. हात एवढासा, पण बोट असं धरलं होतं यांचं की सोडवेना. आम्ही हसलोसुद्धा. म्हणजे हे हसले, मला टाके होते. आठवतंय ना?"

"हो," तो म्हणाला. "हो."

ती सांगत राहिली. हे कधीच कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही, सासूनेही नाही, ताईने एकदा विचारलं तेव्हा ती उठून गेली होती. ते सगळं तिच्याकडे जसंच्या तसं होतं. आता एकेक गोष्ट ती त्याच्यापुढे ठेवत होती आणि प्रत्येकीवर त्याचा होकार घेत होती. हे ती त्याच्यासाठी करत होती की त्याला शिक्षा म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. दया वाटत नव्हती, एवढं नक्की. वही घेऊन बसलेल्या मुलीचे डोळे भरून आले होते. या इतिहासवाल्यांचं बरं असतं, कुठल्याही परक्या दिवसावर रडता येतं.

"सॉरी, काकू," मुलगी नाक पुसत म्हणाली. "मला माहीत नव्हतं. आणि सर, मग भाव... म्हणजे अकरा-चाळीस झालं, हे तुम्हाला कधी कळलं?"

त्याने ऐकलंच नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, एकमेकांपासून थोडे दूर. तो बायकोकडे बघत होता. समोर यंत्र आहे, मुलगी आहे, याचं त्याला भान उरलं नव्हतं.

"रडली होती का गं ती?" त्याने विचारलं.

मुलीने वहीतून मान वर केली, एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे हात नेला आणि अर्ध्यावर थांबवला.

"एकदा," ती त्याला म्हणाली. "मोठ्याने."